‘यार्ल’ : एका पदवीचे व्याकरण

सरकारी कचेरीत ज्येष्ठतेच्या याद्या लिहिता लिहिता हुद्द्यांविषयी आम्हांस कुतूहल जडले. हुद्द्याचा इतिहास विभक्तिप्रत्ययांतही दडलेला असतो, हे मात्र उत्तर युरोपातील ‘यार्ल’ या पदवीने आम्हांस शिकविले.

स्कँडिनेव्हियात राजाच्या खालोखाल मान यार्लचा. प्राचीन रूणलिपीतील काही लेखांत कोरणारा स्वतःस ‘एरिलाझ’ म्हणवितो. ‘यार्ल’ याच शब्दाशी जोडलेला आहे, असे अनेक पंडित मानतात; ध्वनिनियमांच्या आधारे काहींनी त्यास हरकत घेतली आहे. ‘रीग्सथुला’ या जुन्या काव्यात दास, शेतकरी व यार्ल या तिन्ही वर्गांचे मूळपुरुष वर्णिले असून, रूणविद्या रीग हा यार्लासच शिकवितो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. इंग्रजीतील ‘अर्ल’ हा त्याचाच भाऊबंद.

ही पदवी नावानंतर येते : ‘हाकोन यार्ल’, ‘बिरगर यार्ल’. जुन्या नॉर्स भाषेत षष्ठीचा प्रत्यय नावास व पदवीस निरनिराळा लागे : ‘हाकोनार यार्ल्स’. आजच्या स्वीडिशमध्ये तो एकदाच, शेवटी लागतो. स्टॉकहोमच्या ‘बिरगर यार्ल्सगातान’ या रस्त्याच्या नावात षष्ठीचा ‘स’ पदवीस जडला आहे. ‘गाता’ म्हणजे रस्ता, आणि अखेरचा ‘न’ ‘तो विशिष्ट रस्ता’ असे दाखवितो. आपणही ‘बाजीराव पेशव्यांचा’ म्हणतो. प्रत्यय पदवी घेते, नाव मोकळे राहते.

बिरगर १२४८ मध्ये यार्ल झाला. १२५० मध्ये त्याचा अल्पवयीन पुत्र वाल्देमार राजा निवडला गेला. कारभार मात्र १२६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत बापाच्याच हाती राहिला. त्याच्यामागून स्वीडनमध्ये ती पदवी कोणास मिळाली नाही. त्याचाच धाकटा पुत्र मॅग्नस ‘हेर्तिग’ म्हणविला गेला, आणि हा शब्द उत्तर जर्मनीकडून आलेला. नॉर्वेत पाचव्या हाकोनने १३०८ मध्ये, राजपुत्र व ऑर्कनीचा यार्ल वगळून, ही पदवी बंद केली. स्वीडनच्या चौदाव्या एरिकने १५६१ मध्ये ‘ग्रेव्ह’ ही नवी पदवी दिली. आजच्या स्वीडिशमध्ये हे आगंतुक शब्द नावाआधी बसतात : ‘हेर्तिग मॅग्नस’, ‘ग्रेव्ह पेर ब्राहे’.

राजाज्ञेने अधिकार जातो. भाषेत मिळालेली जागा सहसा जात नाही. आपल्याकडे वतने गेली, तरी देशमुख-कुलकर्णी आडनावांत उरलेच. तिकडे ‘यार्ल’ हे मुलाचे नाव म्हणूनही ठेवतात, आणि बिरगरच्या नावानंतरची त्याची जागा साडेसातशे वर्षांत कोणत्याही हेर्तिगास घेता आलेली नाही.