जीवन-इच्छापत्राची भारतीय वाटचाल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रुग्ण बोलू शकत नसेल तेव्हा त्याच्या वतीने बोलावे कोणी, हा प्रश्न भारतात ऐरणीवर आला तो मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणामुळे. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या २०१५ मध्ये निधन होईपर्यंत रुग्णशय्येवरच होत्या. लेखिका पिंकी विराणी यांची दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली व शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचे मत ग्राह्य मानले. अरुणा यांचे स्वतःचे मत मात्र अज्ञातच राहिले. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग २०१८ च्या निकालाने जीवन-इच्छापत्रास मान्यता देऊन खुला केला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीची जाचक अट २०२३ मध्ये शिथिल झाली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले. सारांश, कायद्याने वाट सुकर केली आहे. शुद्धीत असताना आपले मत लिहून ठेवण्याची जबाबदारी मात्र ज्याची त्यानेच पार पाडावयाची आहे.