विद्यार्थिमंडळे आणि समाजाची बांधणी

महाविद्यालयातील विद्यार्थिमंडळ म्हणजे करमणुकीचे एक साधन, असा समज आपल्या पालकवर्गात बराच रूढ आहे. मुलगा अभ्यासातून वेळ काढून मंडळाच्या बैठकीस निघाला की वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. परंतु महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासाची आरंभीची पाने उलगडली असता, अशाच एका मंडळाने केवढे कार्य उभे केले हे पाहून मन थक्क होते.

इ. स. १८४८ च्या जून महिन्यात मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. मुंबई विद्यापीठाचा जन्म व्हावयास अजून नऊ वर्षांचा अवकाश होता. या मंडळाचे प्रमुख कार्यकर्ते दादाभाई नौरोजी तेव्हा अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. मंडळात मराठी, गुजराती, हिंदू, पारशी असे सर्व प्रकारचे विद्यार्थी होते. त्यांनी निबंध वाचावेत व त्यांवर साधकबाधक चर्चा करावी, एवढाच आरंभीचा उद्देश होता.

मात्र लवकरच एक अडचण ध्यानी आली. चर्चा इंग्रजीत होई, आणि ज्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोहोचावयाचे त्या घरच्या माणसांना इंग्रजी येत नसे. म्हणून त्याच वर्षी मराठी व गुजराती अशा दोन स्वतंत्र शाखा काढण्यात आल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी स्वीकारले आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. भाषांच्या शाखा निराळ्या झाल्या म्हणून मूळ मंडळ दुभंगले नाही. उलट प्रत्येक शाखेने आपापल्या समाजात मुळे रोवल्याने ते अधिक बळकट झाले.

पुढे स्त्रीशिक्षणाचा विषय चर्चेस निघाला, आणि नुसत्या निबंधवाचनावर थांबण्यात काय अर्थ, असा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर या तरुणांनी कृतीने दिले. १८४९ च्या ऑक्टोबरात त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या. आरंभी पारशी मुली ४४ व हिंदू मुली २४ होत्या. शिक्षकांना वेतन नव्हते. मंडळाचे सभासदच शिकवीत. मुली मिळविण्यासाठी दादाभाई व त्यांचे सहकारी घरोघर फिरले आणि अनेक ठिकाणी त्यांना अपमान सोसावा लागला. पण जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी या कार्याला आधार दिला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही त्याची पाठराखण केली. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ सालीच मुलींची शाळा काढली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या तरुणांच्या धैर्याची कल्पना येते.

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनीही हीच वाट चोखाळली. १८६५ मध्ये लंडन इंडियन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा दादाभाईंच्या जोडीला व्योमेशचंद्र बॅनर्जी होते आणि ते त्या वेळी तेथे कायद्याचे विद्यार्थी होते. पुढे केंब्रिजला १८९१ साली व ऑक्सफर्डला १८९६ साली भारतीय विद्यार्थ्यांच्या 'मजलिस' निघाल्या. घरापासून दूर असलेला विद्यार्थी आपल्या माणसांचा शोध घेतो, आणि त्या शोधातूनच सार्वजनिक जीवनाचे पहिले धडे गिरवितो, याचीच ही उदाहरणे होत.

आता आपल्या अमिरातीकडे वळू. येथे अल ऐनचे विद्यापीठ १९७६ साली आणि शारजाचे अमेरिकन विद्यापीठ १९९७ साली स्थापन झाले. तरीही येथेच शाळा शिकलेल्या माझ्या पिढीतील बहुतेक मराठी मुले बारावी होताच पुण्या-मुंबईची वाट धरीत. २००० साली दुबईत बिट्स पिलानी व मणिपाल यांच्या शाखा उघडल्या, पुढे आणखीही संस्था आल्या, आणि मुले आईवडिलांजवळ राहूनच पदवीधर होऊ लागली. शारजाच्या विद्यापीठातील 'ग्लोबल डे' या उत्सवात देशोदेशीची विद्यार्थिमंडळे आपापली दालने मांडतात. तेथे आपली मुले फेटे बांधून लेझीम खेळतात तेव्हा कोणाला आनंद होणार नाही? पण लेझीम संपल्यावर पुढे काय, हा विचार १८४८ च्या तरुणांचे स्मरण ठेवून केला पाहिजे.

त्यांच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मंडळ जन्मास येते ते आपुलकीने, परंतु टिकते ते अंगावर घेतलेल्या कामाने. आपल्या विद्यार्थ्यांपुढेही अशी कामे आहेत. येथील लहान मुलांना सुट्टीच्या दिवशी मराठी अक्षरओळख करून देणे हे पहिले. तेलाच्या आरंभीच्या दिवसांत येथे आलेल्या आपल्या वृद्धांच्या आठवणी, ते आपल्यात आहेत तोवर टिपून ठेवणे हे दुसरे. या दोहोंना पैसा फारसा लागत नाही. वेळ व चिकाटी मात्र लागते. आणि वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठी न घालता शंकरशेटांप्रमाणे पाठीशी उभे राहावे लागते.

ही स्मरणिका आज अनेक घरांत जाईल. त्यांतील कित्येक घरी मराठी उत्तम बोलणारी मुले हा लेख आईकडून वाचून घेतील, कारण त्यांना स्वतःला तो वाचता येणार नाही. या मुलांना अक्षरे देण्याचे काम त्यांच्याच विद्यापीठात शिकणाऱ्या दादा-ताईंनी हाती घ्यावे, एवढीच नम्र विनंती.