लहान मुलांचे दात घासण्याची मराठी रीत

लहान मुलाचे दात घासणे हे मराठी घरात कित्येक पिढ्या बोटाचे काम होते, आणि ते बोट मुलाचे नसे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला आई किंवा आजी सकाळी मोरीवर नाहीतर परसात घेऊन बसे, डाव्या हाताने त्याची हनुवटी धरी आणि उजव्या हाताची तर्जनी राखुंडीत बुडवून दातांवरून फिरवी. आधी समोरचे दात, मग गालाच्या आतले. मुलाने बोट चावले तर दटावणी, नीट ‘आ’ केला तर कौतुक. मग तांब्यातले पाणी तोंडात घेऊन चूळ भरायची. मुलाला खरी गोडी असे ती या चुळीची. लांबवर पिचकारी मारता येऊ लागली की दात घासण्याची निम्मी कटकट मिटे. मात्र तोंडातले पाणी गिळायचे नसते, थुंकायचे असते, हे जमायला तिसरे वर्ष उजाडावे लागते. तोवर थोडी राखुंडी पोटात जाणारच, असे धरून चालत.

दात स्वच्छ ठेवण्याचे नियम भारतात फार जुने आहेत. चरकसंहितेत दिवसातून दोनदा, हिरड्यांना इजा न करता दंतधावन करावे असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत काडीचे मापही दिले आहे: बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि गाठी नसलेली. कडू झाडांत कडुलिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ मानला आहे. हे माप उघडच मोठ्या माणसाच्या हाताचे आणि तोंडाचे आहे. मुलांची थेट नोंद मिळते ती एका परदेशी प्रवाशाकडून. इत्सिंग हा चिनी भिक्षू 671 मध्ये समुद्रमार्गे निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला आणि 695 मध्ये मायदेशी परतला. त्याने आपल्या वृत्तांतात दंतकाष्ठावर एक प्रकरणच लिहिले आहे. भारतात भिक्षू आणि गृहस्थ दोघेही रोज काडी वापरतात आणि तीन वर्षांच्या मुलालाही ती कशी वापरायची हे शिकवतात, असे तो सांगतो. इत्सिंगचा रोख चिनी भिक्षूंकडे होता. त्यांच्यात ही सवय नीट रुजलेली नव्हती, म्हणून त्याने भारतातल्या मुलांचा दाखला दिला. तरीही तीन वर्षे हे वय त्याने अचूक टिपले आहे. वीस दुधाचे दात साधारण अडीच ते तीन वर्षांत पुरे होतात, आणि चावणे, चघळणे, थुंकणे या तिन्ही गोष्टी मुलाला याच सुमारास जमू लागतात.

महाराष्ट्रात काडी प्रदेशाप्रमाणे बदले. देशावर बाभूळ आणि कडुलिंब, काही भागांत करंज, तर कोकणात आणि गोव्यात आंब्याचे पान. आंब्याचे पान मुलांच्या तोंडाला कडुलिंबापेक्षा कितीतरी सुसह्य होते. पान उभे दुमडून, मधल्या शिरेशी धरून दातांवर घासायचे आणि नंतर ती शीर चिरून तिने जीभ खरवडायची. बाभळीची काडी तुरट, कडुलिंबाची कडूजहर. लहान मूल ती तोंडात धरी ते चवीसाठी नव्हे, तर आजोबांच्या तोंडात तशीच काडी आहे म्हणून. काडी चावत ओसरीवर बसलेला किंवा गोठ्याकडे निघालेला मोठा माणूस आणि त्याच्यामागे तसाच तोंड हलवीत चाललेला नातू, असे त्या काळच्या शिकवणीचे स्वरूप होते. वेगळा धडा द्यावा लागत नसे.

राखुंडी मात्र घरोघर वेगळी. गोवऱ्यांची पांढरी राख हा तिचा सर्वांत साधा प्रकार. ज्यांना निगुतीने करायची हौस असे ते भाताचे तूस किंवा बदामाची टरफले जाळून कोळसा करीत, तो कुटून वस्त्रगाळ करीत आणि त्यात मीठ, भाजलेली तुरटी, लवंग, थोडा कापूर घालीत. लहानांसाठी पूड आणखी बारीक गाळायची आणि कापूर-लवंग वगळायची, हे शहाणपण ज्या घरात होते तिथल्या मुलांचे हाल कमी झाले. दुधाच्या दातांवरचे कवच कायमच्या दातांच्या कवचाच्या जवळजवळ निम्म्या जाडीचे असते. भरड राखेने किंवा कोळशाने ते रोज घासणे म्हणजे दात पांढरा करता करता झिजवणे. जुन्या पद्धतीचे गुणगान करताना ही गोष्ट सहसा सुटते.

त्याहून गंभीर गोष्ट मशेरीची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती दातांना, हिरड्यांना लावून बसायचे, ही सवय महाराष्ट्रात विशेषतः बायकांमध्ये खोलवर गेली. मशेरीला दात साफ करण्याचे साधन मानले गेल्यामुळे तिच्यावर व्यसनाचा शिक्का बसला नाही. घरात सकाळी जे चाले तेच मुले उचलत आणि ज्या घरात आईच्या बोटाला मशेरी लागलेली असे, तिथे मुलीच्या बोटालाही ती लवकरच लागे. दातदुखीवर उतारा म्हणून मुलांना चिमूटभर मशेरी लावणारी घरेही होती. अनुकरणाने शिकण्याची ही दुसरी बाजू आहे: मूल चांगले आणि वाईट वेगळे काढून उचलत नाही. बाजारातल्या काही दंतमंजनांतही तंबाखू असे. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट आणि टूथपावडर यांत तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. घरी भाजलेली मशेरी त्या बंदीच्या कक्षेत येत नव्हती आणि ती आजही पुरती गेलेली नाही.

विकतचे दंतमंजन आले तेव्हा बोट तेच राहिले, डबी बदलली. माकडछाप काळी टूथपावडर आणि नाशिकचे बिटको दंतमंजन ही नावे महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहेत. 1952 मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत विको सुरू केली आणि वज्रदंती पावडर घरोघर फिरून विकली गेली. मुलांच्या दृष्टीने या बदलात मोठी गोष्ट होती चित्राची आणि रंगाची. डबीवरचे माकड मुलाला दाखवून त्याचे तोंड उघडून घेता येई. राखेला असे काही नव्हते. काळ्या मंजनाने तोंड काळेकुट्ट होई, आणि आरशात ते तोंड पाहणे हा मुलांचा वेगळाच खेळ होता.

ब्रशला भारतीय घरात शिरायला वेळ लागला त्यामागे धर्माचे सबळ कारण होते. इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस याने 1780 च्या सुमारास हाडाच्या दांड्याचे ब्रश विकायला सुरुवात केली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे ब्रशाचे केस बहुधा डुकराचे असत. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरांत असली वस्तू मुलाच्या तोंडात घालणे अशक्य होते. 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि ही अडचण मुळातूनच संपली. कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी त्याआधी एकच वर्ष, 1937 मध्ये, मुंबईत नोंदली गेली होती. पेस्ट गोड आणि फेसाळ असल्यामुळे मुलांना ती मंजनापेक्षा कितीतरी आवडली, इतकी की ती चाटून खाणे ही नवीच अडचण आईवडिलांसमोर उभी राहिली. साठ-सत्तरच्या दशकांत बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी मिळत. हत्ती हवा म्हणून नवी पेस्ट, आणि नवी पेस्ट लवकर यावी म्हणून जुनी भरपूर वापरायची, असा हिशेब मुले करीत. मुलांना दात घासायला लावण्याची ती युक्ती चाललीही; फक्त तिने ब्रशवर पेस्ट भरून घेण्याची जी सवय लावली ती मोडायला दंतवैद्यांना पुढे फार कष्ट पडले.

शाळेतून दात घासायला शिकवण्याची कल्पना अमेरिकेतली. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने 1906 मध्ये आपली सहायक आयरीन न्यूमन हिला दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले, 1913 मध्ये अशा सहायकांसाठी वर्ग काढला आणि 1914 मध्ये त्यांना शहरातल्या शाळांत पाठवले. दात मिटून ब्रश मोठ्या वर्तुळात फिरवायचा ही फोन्सची पद्धत लहान मुलांना आजही शिकवली जाते, कारण त्यांच्या मनगटाला बारीक हालचाल जमत नाही. भारतात कोलगेटने 1976 मध्ये शाळांमधला दंतशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मोठ्या जबड्याच्या नमुन्यावर मोठा ब्रश फिरवून दाखवणारे शिक्षक आणि घरी नेण्यासाठी फुकट मिळालेली छोटी ट्यूब, हे अनेकांच्या शाळेतले चित्र तिथून आले. पण शाळेत मूल जाते ते सहाव्या वर्षी. दुधाच्या दातांची पहिली चार वर्षे, जेव्हा कीड धरते, ती तोवर निघून गेलेली असतात.

ती कीड वाढायला खाण्यातला बदल मुख्यतः कारण झाला. 1929 मध्ये विलेपार्ल्यात पारलेचा गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना निघाला, 1939 मध्ये तिथे बिस्किटे होऊ लागली. 1950 मध्ये प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यात साखर होऊ लागली आणि पाहता पाहता राज्यभर कारखाने उभे राहिले. सणावारी मिळणारे गोड रोजचे झाले. चहात बुडवलेले बिस्कीट आणि झोपताना तोंडात दुधाची बाटली, यांनी वरच्या पुढच्या दातांचे जे नुकसान केले, त्यावर सकाळचा एकवेळचा ब्रश पुरा पडत नाही. रात्री झोपण्याआधी दात घासणे मराठी घराच्या दिनक्रमात मुळी नव्हतेच. चरकाने सांगितलेले दोनदा ग्रंथातच राहिले.

घराची रचनाही बदलली. वाड्यात, चाळीत, खेड्यात दात घासणे उघड्यावर, सगळ्यांच्या समोर होई. फ्लॅटमध्ये ते बंद दाराआड गेले आणि वॉशबेसिन मोठ्यांच्या उंचीवर बसले. दोन वर्षांच्या मुलाला आता आजोबा दात घासताना दिसतच नाहीत. त्याला फक्त ब्रश दिसतो. आज मुलांच्या दंतवैद्यांचा पहिला सल्ला असतो तो मुलासमोर, मुलासोबत दात घासा, आणि सहा-सात वर्षांचे होईपर्यंत शेवटचा हात तुम्हीच फिरवा, हा. दात येऊ लागलेल्या बाळासाठी बोटावर चढवायचा सिलिकॉनचा मऊ ब्रश मिळतो. मुलाचे डोके एकाच्या मांडीवर आणि पाय दुसऱ्याच्या मांडीवर घेऊन दात घासायला सांगतात, ते रडणाऱ्या मुलाच्या मागच्या दाढांपर्यंत पोहोचण्यासाठी.

पेस्टच्या प्रमाणाचा प्रश्न सर्वांत अलीकडचा. फ्लोराइड दाताचे कवच बळकट करते, पण लहान मूल पेस्ट गिळते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2014 मध्ये सुधारित शिफारस केली: तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. भारतात पेस्टमधले फ्लोराइड दहा लाख भागांत 1000 भागांच्या वर नसावे असा नियम आहे. महाराष्ट्रात याला एक महत्त्वाचा अपवाद सांभाळावा लागतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथे मुलांच्या कायमच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 1 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. अशा गावांत लहान मुलाच्या ब्रशवर कोणती पेस्ट लावायची, हे आधी गावच्या पाण्याची तपासणी पाहून आणि मग दंतवैद्याला विचारून ठरवावे लागते.