यादी येण्यापूर्वीचा काळ

नोकरी जाणें हें दुःख मोठें खरें. परंतु ती जाणार कीं राहणार हें कळेपर्यंतचा काळ कित्येकदां त्याहूनहि कठीण असतो. नोकरी गेली म्हणजे माणूस दुसऱ्या वाटेस लागतो. जी जाईल कीं काय अशी नुसती धास्ती आहे, तिचा त्याला धड शोकहि करतां येत नाहीं. इतिहासांत कामावरून कमी झालेल्यांची संख्या मिळते. ज्यांचें काम टिकलें, पण झोप उडाली, त्यांची गणती कोणत्याच तक्त्यांत होत नाहीं.

१९२९ सालीं जगावर मंदी कोसळली. मालाची ने-आण घटून हिंदुस्थानांतील रेल्वेचें उत्पन्न खालावलें आणि कारभाऱ्यांनीं नोकरवर्गांत काटछाट करून हजारों लोक कमी केले. रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशननें हा तंटा पुढें मांडल्यावर १९३१ सालीं सरकारला चौकशी-मंडळ नेमावें लागलें. कमी करण्याचा क्रम ठरला होता तो असा: प्रथम अकार्यक्षम, मग कमी कार्यक्षम, नंतर अल्प नोकरीचे, शेवटीं निवृत्तीच्या वयास आलेले. क्रम वाजवी दिसतो. पण नोकरीचीं वर्षें ज्याचीं त्याला मोजतां येतात, ‘कार्यक्षमता’ मात्र साहेबाच्या लेखणींत राहते. त्यामुळें आपण सुरक्षित आहों असें छातीठोकपणें कोणालाच म्हणतां येईना.

ही अवस्था लहान स्थानकावरून पाहावी. सुरतेकडून तापीच्या खोऱ्यानें खानदेशांत येणाऱ्या लोहमार्गावर नवापूर व नंदुरबार यांच्यामध्यें खांडबारा आहे. त्या काळीं हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडे, आणि मार्गाचा कारभार बी. बी. अँड सी. आय. कंपनी मुंबईहून पाही. अशा आडबाजूच्या स्टेशनमास्तराला, सांधेवाल्याला वा गँगवाल्याला वरिष्ठांनीं आपल्याविषयीं काय लिहून ठेविलें आहे हें कोठून कळावें? त्यांतून अनेक रेल्वेनोकरांचें राहतें घरहि रेल्वेचेंच. नोकरीबरोबर डोक्यावरील छप्पर जावयाचें.

औद्योगिक कलहाच्या १९४७ च्या कायद्यांत १९५३ सालीं सुधारणा झाली. वर्षभर सलग काम केलेल्या कामगारास एक महिन्याची लेखी सूचना किंवा तितका पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागें १५ दिवसांचें वेतन द्यावें असें ठरलें. शेवटीं आला तो सामान्यतः आधीं जावा, व हा क्रम मोडल्यास कारणें नोंदवावीं, हेंहि ठरलें. आमच्या मतें खरी सुधारणा ही दुसरीच. कारण तिनें कामगाराला यादींतील आपली जागा स्वतः मोजतां येऊं लागली.

तथापि ती धास्ती संपली नाहीं. जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें सुमारें २ टक्के, म्हणजे १२,००० च्या वर नोकर कमी करण्याचें जाहीर केलें. आंकडा आधीं प्रसिद्ध झाला, नांवें नाहींत. आणि १२,००० जागांची धास्ती लाखों घरांत शिरली.

धन्यास नोकर कमी करण्याचा अधिकार असेल. परंतु त्याला ताटकळत ठेवण्याचा अधिकार कोणत्या न्यायानें मिळाला, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवितों.