कुंपण की चाळणी? : ख्रिस्ती विवेक आणि परके वाङ्मय

ख्रिस्ती परंपरेत 'ज्ञान' हा शब्द विद्वत्तेहून वेगळ्या अर्थाने येतो. जुन्या करारातील नीतिसूत्रांच्या पुस्तकात ज्ञान हे पहारेकरी आहे. वाकड्या वाटेने जाणाऱ्यांपासून ते तरुणाला राखते. नव्या करारात याकोब वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणे सांगतो. त्यांत शुद्धतेला पहिले स्थान आहे, पण तिच्या पाठोपाठ शांती, सौम्यता आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची तयारीही आहे. शुद्ध राहायचे आणि सौम्यही राहायचे, हे जमावे कसे? ख्रिस्ती इतिहासात हा प्रश्न फार लवकर एका अनपेक्षित ठिकाणी उभा राहिला. ते ठिकाण म्हणजे शाळेतील साहित्याचा वर्ग.

रोमन साम्राज्यात शिक्षण म्हणजे होमर आणि व्हर्जिल. अक्षरओळख, व्याकरण, वक्तृत्व हे सारे या कवींच्या आधाराने शिकवले जाई; आणि त्यांच्या काव्यात पानोपानी देव, त्यांचे कलह आणि त्यांची प्रेमप्रकरणे होती. ख्रिस्ती कुटुंबांसाठी वेगळ्या शाळा नव्हत्या. कार्थेजच्या तर्तुलियनने इ. स. २००च्या सुमारास अथेन्स आणि जेरुसलेम यांचा संबंधच काय, असा खडा सवाल केला. परंतु याच कठोर लेखकाने मूर्तिपूजेवरील ग्रंथात एक तडजोड मान्य केली आहे. ख्रिस्ती माणसाने हे साहित्य शिकवू नये, मात्र ते शिकण्यास हरकत नाही. शिकवणारा त्या देवांची भलामण करतो. शिकणाऱ्याला, तो आधीच सावध असेल, तर नाकारण्याची मोकळीक असते. म्हणजे कुंपण घालणाऱ्यालाही त्यात एक फाटक ठेवावेच लागले.

इ. स. ३६२ मध्ये हे फाटक बाहेरून बंद करण्याचा प्रयत्न झाला. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतलेल्या सम्राट ज्युलियनने ख्रिस्ती शिक्षकांना अभिजात साहित्य शिकवण्यास मनाई केली. ज्यावर आपला विश्वास नाही ते शिकवणे हा अप्रामाणिकपणा, असा त्याचा युक्तिवाद होता. वास्तविक 'परक्या' साहित्यापासून सुटका झाली म्हणून ख्रिस्ती मंडळींनी आनंद मानायचा. पण झाले उलटेच. ज्युलियनबरोबर अथेन्समध्ये शिकलेल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने ग्रीक भाषा ही काही एका पंथाची मालमत्ता नव्हे, असे त्याला संतापाने सुनावले. अपोलिनारिस नावाच्या पितापुत्रांनी तर बायबलमधील कथा होमरच्या छंदात आणि प्लेटोच्या संवादशैलीत नव्याने रचून पर्यायी पाठ्यपुस्तके तयार केली. पुढच्याच वर्षी ज्युलियन मारला गेला आणि ती पुस्तके विस्मृतीत गेली. पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटिस याला त्यांविषयी फारशी हळहळ वाटत नाही, ही लक्षणीय गोष्ट आहे. निर्जंतुक करून दिलेले साहित्य कोणाला नको होते.

या पार्श्वभूमीवर कैसरियाचा बिशप बासील (मृत्यू ३७९) याने तरुणांना उद्देशून लिहिलेला ग्रीक साहित्याच्या वाचनाविषयीचा छोटा निबंध वाचावा. बासील ग्रंथांची यादी देत नाही. तो वाचण्याची रीत सांगतो. मधमाशी सगळ्या फुलांवर बसत नाही, आणि ज्यावर बसते ते फूल सगळेच उचलून नेत नाही. गुलाब तोडणारा काटे टाळतो. कवी सज्जनांचे वर्णन करीत असेल तेव्हा मन द्यावे, दुर्जनांचे करू लागला की कान मिटावेत. मोशे मिसरी लोकांची विद्या शिकला आणि दानीएल खास्द्यांची, याचीही तो आठवण देतो. नावेचे सुकाणू मात्र कवीच्या हाती द्यायचे नाही. येथे विवेक हे कुंपण राहत नाही, तो चाळणी होतो. कुंपण बांधून मोकळे होता येते. चाळणीला प्रत्येक वेळी हात हलवावा लागतो. मराठी वाचकाला नीरक्षीरविवेकाची आठवण होईल. पण हंसाचा गुण उपजत असतो. बासीलच्या विद्यार्थ्याला तो कमवावा लागतो, आणि याकोबाच्या मते देवाकडे मागावाही लागतो.

जेरोमचा अनुभव याहून खोल आहे. ३८४ साली लिहिलेल्या एका पत्रात तो आपले जुने स्वप्न सांगतो. न्यायासनापुढे त्याने स्वतःला ख्रिस्ती म्हणवले, तेव्हा तू सिसेरोचा आहेस असा ठपका ठेवून त्याला फटके मारण्यात आले. दोष सिसेरोच्या विचारांचा नव्हता. त्याच्या भाषेच्या गोडीने पवित्र शास्त्राची भाषा जेरोमला ओबडधोबड वाटू लागली होती. घातक प्रभाव ग्रंथात नसून वाचकाच्या दुभंगलेल्या निष्ठेत असू शकतो, हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसते. पुढे त्याच जेरोमच्या लेखनात अभिजात लेखक परत आले, आणि रुफिनुसने त्याला शपथ मोडल्याबद्दल टोमणेही मारले.

या भूमिकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. चाळणीने काय वर ठेवायचे हे आधीच ठरलेले असेल, तर वाचन म्हणजे उपयुक्त वचने वेचणे एवढेच उरते. बासीलचा होमर सद्गुणांचा शिक्षक होतो. अकिलीसचा क्रोध आणि प्रायमचे दुःख मागे पडते. साहित्याच्या शिक्षकाला हे खटकणारच. तरीही बंदी आणि विवेक यांत एक मूलभूत फरक राहतो. बंदीचा वाचकावर विश्वास नसतो. विवेकाला वाचकावाचून गत्यंतर नसते.

हा फरक पुढे आपल्याच किनाऱ्यावर दिसला. १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्लिश जेझुइट थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये रायतूर येथे ख्रिस्तपुराण छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात नवख्रिस्ती ब्राह्मणाची एक मागणी येते: जुनी पुराणे सोडायला लावलीत, तर त्यांच्या जागी दुसरी द्या. स्टीफन्सने ती रास्त मानली. त्याने कथा बायबलची घेतली. छंद, 'पुराण' हे नाव आणि वैकुंठासारखे शब्द येथल्या भूमीतले घेतले. अर्थात हा विवेक सत्तेच्या छायेत वावरत होता. १५६०पासून गोव्यात इन्क्विझिशन होते, १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती, आणि पुराणे सोडणाऱ्या सर्वांनी ती स्वखुशीने सोडली असे म्हणता येत नाही. स्टीफन्सची चाळणी कुंपणाच्या आतच चालली होती.

कुंपण मात्र वाढतच गेले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. संशयाची व्याप्ती ग्रंथावरून थेट जिभेवर आली. तो हुकूम आज इतिहासाच्या पुस्तकात उरला आहे; कोकणी १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील छापील प्रती नाहीशा झाल्या, पण लोकांनी हस्तलिखिते जपली आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. ज्यांना केवळ कुंपणाने राखायचे ठरवले होते, त्यांनीच काय राखण्याजोगे आहे हे निवडले होते. याकोबाच्या यादीत शुद्धतेशेजारी सौम्यता का बसली आहे, याचे उत्तर कदाचित या निवडीत सापडेल.