खापरखेडा ते कोटला : तरुण गोलंदाजाला वरच्या पायरीवर केव्हा न्यावे?

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये क्रिकेटचे डाव रंगू लागतात. चेंडू टेनिसचा, यष्ट्या मिळतील त्या काठ्यांच्या. अशाच एखाद्या डावात एखादा मुलगा इतरांपेक्षा वेगळाच वेग काढतो आणि गावात चर्चा सुरू होते, 'याला नागपूरला पाठवा.' सल्ला चुकीचा नसतो. मात्र त्याला कधी पाठवावे, किती षटके टाकू द्यावीत आणि एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर केव्हा चढवावे, या प्रश्नांचा विचार फारसा होत नाही. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत घाईची किंमत त्याच्या पाठीला मोजावी लागते, तर विलंबाची किंमत त्याच्या उमेदीच्या वर्षांना. अमेरिकेतील बेसबॉलमध्येही तरुण 'पिचर'ला मेजर लीगमध्ये केव्हा न्यावे, हा असाच जुना वादाचा विषय आहे. विदर्भातील अनुभव आणि तेथील पद्धत यांचा हा एकत्रित आढावा.

पायऱ्या कोणत्या?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. क्रिकेटच्या नकाशावर हा जिल्हा विदर्भ क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात मोडतो. विदर्भातील सर्व ११ जिल्हे या संघटनेच्या कक्षेत येतात आणि तिचे केंद्र नागपूर आहे. त्यामुळे देवरी, सालेकसा वा अर्जुनी मोरगावच्या मुलालाही पुढे जायचे तर नागपूरची गाडी धरावीच लागते.

देशपातळीवर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या स्पर्धांची उतरंड ठरलेली आहे. १६ वर्षांखालील मुलांसाठी विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील मुलांसाठी चार दिवसांचा कूचबिहार करंडक व एकदिवसीय विनू मांकड करंडक, २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी कर्नल सी. के. नायडू करंडक आणि त्यानंतर रणजी करंडक. ज्यांच्या नावे २३ वर्षांखालील स्पर्धा खेळली जाते, ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल नायडू यांचा जन्म नागपूरचाच. रणजीनंतर दुलीप करंडक, भारत 'अ' संघ आणि शेवटी राष्ट्रीय संघ, असा हा मार्ग आहे. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून या मार्गाला एक आडवाटही फुटली आहे. त्या वाटेने एखादा गोलंदाज काही आठवड्यांतच देशभर माहीत होतो.

उमेश यादवचा प्रवास

विदर्भाच्या संघातून कसोटी संघापर्यंत पोहोचलेला पहिला क्रिकेटपटू म्हणजे उमेश यादव. त्याच्याआधी नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळला होता. कसोटीचे दार मात्र विदर्भासाठी बंदच होते. उमेशचे वडील कोळसा खाणीत कामगार. नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा-वलनीच्या खाण परिसरात तो वाढला. सैन्यात आणि पोलिस दलात भरती होण्याचे त्याचे प्रयत्न अयशस्वी ठरले. टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या या मुलाच्या हाती चामड्याचा चेंडू नियमितपणे आला, तेव्हा त्याने विशीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते.

पुढचा प्रवास वेगाने झाला. ३ नोव्हेंबर २००८ रोजी त्याने मध्य प्रदेशविरुद्ध रणजी पदार्पण केले. योगायोग असा, की त्यानंतर तीनच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, जामठ्याच्या नव्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात तेथील पहिला कसोटी सामना सुरू झाला. पहिल्याच रणजी मोसमात उमेशने चार सामन्यांत २० बळी घेतले. २०१० मध्ये दिल्ली डेअरडेव्हिल्सने त्याला आयपीएलमध्ये संधी दिली आणि त्याच वर्षी मे महिन्यात झिम्बाब्वेत त्याने एकदिवसीय पदार्पण केले. कसोटीची टोपी मात्र नोव्हेंबर २०११ मध्ये, दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर, वेस्ट इंडिजविरुद्ध मिळाली. रणजी ते कसोटी हे अंतर कापायला तीन वर्षे लागली. जानेवारी २०१२ मध्ये पर्थ येथे त्याने ऑस्ट्रेलियाचे पाच फलंदाज एका डावात बाद केले, तेव्हा ही निवड सार्थ ठरली.

परंतु त्याच वर्षीच्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत पाठीच्या दुखापतीने त्याला गाठले. कसोटी संघात येऊन पुरते वर्ष झाले होते, एवढ्यात तो अनेक महिने मैदानाबाहेर गेला आणि २०१३ च्या चॅम्पियन्स करंडकासाठी परतला. पुढे २०१५ च्या विश्वचषकात १८ बळी घेऊन तो भारताचा सर्वाधिक यशस्वी गोलंदाज ठरला. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबाद येथे त्याने एकाच कसोटीत दहा बळी घेतले. जून २०२३ मधील जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत त्याने ५७ कसोटींत १७० बळी मिळवले. खाण कामगाराच्या मुलाची ही कमाई विदर्भाला आजही अभिमानास्पद वाटते.

गुरबानीची दुसरी बाजू

याच विदर्भात दुसरे उदाहरणही आहे. रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मध्यमगती गोलंदाज. २०१७-१८ च्या रणजी मोसमात त्याने ३९ बळी घेतले. कोलकाता येथील उपांत्य सामन्यात कर्नाटकसमोर १९८ धावांचे लक्ष्य असताना गुरबानीने दुसऱ्या डावात सात गडी टिपले आणि विदर्भाने अवघ्या पाच धावांनी विजय मिळवला. इंदूर येथील अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा तो केवळ दुसरा गोलंदाज. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला.

असे असूनही भारतीय संघाचे दार गुरबानीसाठी उघडले नाही. त्या काळात भारताकडे वेगवान गोलंदाजांची मोठी फळी तयार होती आणि वरच्या पायरीवर जागा मोजक्याच असतात. गुणवत्ता सिद्ध होणे आणि बढती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पालकांनी व प्रशिक्षकांनी आरंभीच समजून घ्यावे. गुरबानीच्या हाती पदवी होती. खेळाबरोबर शिक्षण चालू ठेवण्याचे मोल अशा वेळी कळते.

अमेरिकेतील व्यवस्था

बेसबॉलमध्ये गोलंदाजाच्या जागी 'पिचर' असतो. तो १८.४४ मीटर अंतरावरून चेंडू फेकतो. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची. पिचर धावत येत नाही आणि कोपर वाकवून चेंडू फेकतो, त्यामुळे ताणाचा मोठा भाग त्याच्या कोपरावर व खांद्यावर येतो. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत तोच ताण कंबरेच्या मणक्यांवर येतो.

अमेरिकेतील मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. २०२१ मधील फेररचनेनंतर प्रत्येक संघाच्या हाताखाली चार पूर्ण मोसमाचे दुय्यम संघ असतात : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. नवोदित पिचर या पायऱ्या चढतो. प्रत्येक पायरीवर फलंदाज अधिक कसलेले, म्हणून चुकांची शिक्षाही अधिक. एका पायरीवर त्याला किती काळ ठेवायचे, हे संघव्यवस्थापन ठरवते.

या निर्णयात केवळ खेळ नसतो, पैसाही असतो. मोसमातील १७२ दिवस मुख्य संघात काढले की खेळाडूचे एक सेवावर्ष पूर्ण होते आणि सहा सेवावर्षांनंतर तो कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा होतो. साहजिकच, तयार खेळाडूला मोसमाच्या सुरुवातीचे काही दिवस खालीच ठेवले तर संघाला त्याच्या सेवेचे आणखी एक वर्ष मिळते. हा अन्याय असल्याची ओरड वाढल्यावर २०२२ च्या करारात गुणी नवोदितांना वेळेवर वर आणणाऱ्या संघांसाठी बक्षिसाची तरतूद करण्यात आली.

दोन पिचरांची उदाहरणे बोलकी आहेत. वॉशिंग्टन नॅशनल्सने २००९ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेला स्टीफन स्ट्रासबर्ग ८ जून २०१० रोजी पदार्पणातच १४ फलंदाज बाद करून गेला आणि तीन महिन्यांत कोपराच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. २०१२ मध्ये संघाने त्याच्या कामावर मर्यादा घातली व ऐन निर्णायक टप्प्यापूर्वी त्याला विश्रांती दिली. त्यावर मोठी टीका झाली. २०१९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये मात्र तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर दुखापतींनी त्याला पुन्हा घेरले आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. दुसरा पॉल स्कीन्स. पिट्सबर्ग पायरेट्सने २०२३ मध्ये त्याला पहिल्या क्रमांकाने निवडले आणि मे २०२४ मध्ये, एका वर्षाच्या आत, मुख्य संघात आणले. त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही त्याने पटकावला.

याच पायरेट्सने २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंशी करार केला होता. भारतात घेतलेल्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून ते निवडले गेले होते. दोघांनीही त्यापूर्वी बेसबॉल खेळलेला नव्हता. दिनेशला २०१० मध्ये संघाने मुक्त केले; रिंकू सिंगल-ए पर्यंत चढला, पण दुखापतींमुळे पुढे जाऊ शकला नाही. नुसता हात बळकट असून भागत नाही, हे या प्रयोगाने दाखवले.

शरीराचा हिशेब

कुमारवयात पाठीच्या मणक्यांची हाडे पुरती पक्की झालेली नसतात. वेगवान गोलंदाजाच्या प्रत्येक चेंडूला धड वळते, मागे वाकते आणि पुढच्या पायावर शरीराचा अनेक पट भार आदळतो. पुरेशा विश्रांतीविना हे वारंवार घडले की मणक्याच्या एका बाजूला बारीक चीर पडते. डॉक्टर तिला ताणजन्य अस्थिभंग म्हणतात. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये हाच त्रास झाला आणि पुढे २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. २०२४ च्या आयपीएलमध्ये ताशी १५६.७ किलोमीटर वेगाने चेंडू टाकणाऱ्या मयंक यादवलाही दुखापतींनी वारंवार बाहेर बसवले.

अमेरिकेत मेजर लीगने २०१४ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शक मर्यादा जाहीर केल्या. त्यांनुसार १३ ते १६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा अधिक व १७-१८ वर्षांच्या मुलाने १०५ पेक्षा अधिक चेंडू फेकू नयेत. वर्षातून किमान चार महिने चेंडूफेक पूर्ण बंद ठेवावी, असेही त्यात सुचवले आहे. आपल्याकडे गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत असा हिशेब कोण ठेवतो? मुलगा सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबसाठी आणि सायंकाळी गावाच्या संघासाठी गोलंदाजी करतो. प्रत्येक ठिकाणी मोजणी नव्याने सुरू होते.

बढतीपूर्वी काय पाहावे?

वरील अनुभवांतून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली, मुलाने आठवड्यात टाकलेले सर्व चेंडू, सरावातलेही, एकाच वहीत नोंदवावेत आणि ती वही प्रत्येक प्रशिक्षकाला दाखवावी. दुसरी, चेंडूंची संख्या एकदम न वाढवता हळूहळू वाढवावी. दीर्घ विश्रांतीनंतर लगेच दिवसभर गोलंदाजी करणे सर्वांत घातक. तिसरी, कंबरेत एका बाजूला दुखत असेल आणि मागे वाकताना ते वाढत असेल, तर ते 'अंगदुखी' समजून तेल चोळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे. चौथी, केवळ वेग पाहून वरच्या संघात नेऊ नये. तिसऱ्या वा चौथ्या स्पेलमध्ये त्याचा टप्पा व दिशा टिकते का, हे पाहावे. पाचवी, वयाचा दाखला खरा असावा. वय लपवून १६ वर्षांखालील गटात खेळवलेला मुलगा दुसऱ्याची जागा अडवतो आणि हाडांच्या तपासणीत अडकला की स्वतःचीही संधी गमावतो.

नागपूरहून गोंदियाला येणारी गाडी काही तासांत पोहोचते. त्याच रुळांवरून उलट दिशेने जाणाऱ्या मुलाचा प्रवास मात्र वर्षांचा असतो. उमेश यादवला रणजी ते कसोटी यासाठी तीन वर्षे लागली आणि तरीही पाठीने त्याला एकदा थांबवलेच. बांधीतल्या मुलाचा वेग पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी तेवढी सबुरी ठेवली, तर त्या मुलाचा नागपूरपर्यंतचा आणि त्यापुढचाही प्रवास लांबचा ठरेल.