लोकल म्हणजे नक्की कुठलं?

गोव्यातल्या कुठल्याही महागड्या समुद्रकाठच्या रिसॉर्टचं मेनूकार्ड उघडलं की दोन शब्द हमखास दिसतात. 'फ्रेश' आणि 'लोकल'. आजची ताजी मासळी, इथल्याच मातीतली भाजी, शेजारच्या गावातला पाव वगैरे वगैरे. आपण लाँग वीकेंडला तिथे जातो, समुद्राकडे तोंड करून बसतो, आणि रशेद लावलेला बांगडा किंवा काजूची उसळ खाताना मनात म्हणतो, वा, हा खरा गोवा! चव अप्रतिम असते, त्याबद्दल वाद नाही. पण दिवसभर 'ही लायब्ररी कुठून आली, हे व्हर्जन कुणी टाकलं' हेच शोधण्यात आयुष्य गेलं की ताटाकडेही तशाच नजरेने बघायची खोड लागते. तर या शनिवारी तेच करूया. ताटातलं काय कधी आलं आणि कुठून, ते बघू.

सुरुवात आग्वादपासून करू, कारण गोव्यातल्या आलिशान पर्यटनाची सुरुवातही साधारण तिथूनच झाली. पोर्तुगीजांनी मांडवीच्या मुखाशी हा किल्ला १६१२ साली बांधून पूर्ण केला. 'आग्वा' म्हणजे पाणी. इथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि किल्ल्यात सुमारे २३ लाख गॅलन पाणी मावेल एवढं प्रचंड टाकं होतं. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून येणारी जहाजं इथे पाणी भरून घेत. किल्ल्याच्या खालच्या अंगाला, सिकेरीच्या तटापाशी, १९७४ साली ताजचं हॉटेल उभं राहिलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेची नेतेमंडळी दिल्लीतल्या बैठकीच्या मधल्या सुट्टीत इंदिरा गांधींबरोबर याच भागात मुक्कामाला आली आणि गोव्याचं नाव जगभरच्या पेपरांत झळकलं. म्हणजे जहाजं जिथे पाणी भरायची, तिथेच आता पर्यटक जेवायला येतात.

त्या जहाजांनी पाणी नेलं, पण आणलं काय? तर आपलं अर्धं ताट!

मिरची अमेरिकेतली. काजू ब्राझीलचा. बटाटा, अननस, पपई, पेरू, टोमॅटो ही सगळी मंडळी अटलांटिकपलीकडची. यीस्टने फुगवलेला गव्हाचा पाव पोर्तुगीजांचा. गोव्यात तो फुगवायला माडाची सूर वापरायला लागले एवढाच फरक. नावं बघा ना. काजू, पाव, बटाटा, अननस, पपई, कोबी हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडूनच आलेत. उत्तरेतले लोक आलू म्हणतात आणि आपण बटाटा, त्याचं कारण हे. 'रशेद' म्हणजे 'भरलेलं', आणि 'विंदालू' म्हणजे मुळात व्हिनेगर आणि लसूण. त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही, तरी मुंबईत कितीतरी ठिकाणी त्यात बटाटा सापडतो. असो.

हे सगळं १५१० नंतरचं, म्हणजे आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतल्यानंतरचं. आणि ते एका दिवसात झालं नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथेच राहिला. इथल्या फळांवर, मसाल्यांवर, औषधींवर त्याने संवादांच्या रूपात एक जाडजूड पुस्तक लिहिलं, ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. आंबा, नारळ, फणस, सगळ्यांची चौकशी त्यात आहे. पण एवढ्या चौकस माणसाच्या पुस्तकात काजूचं प्रकरण नाही! पंधराच वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोव्हाओ द कोस्ताच्या पुस्तकात कोचीनचा काजू येतो. म्हणजे आज कोकणपट्टीची ओळख झालेलं हे झाड तेव्हा नुकतं रुजत होतं. (ओर्ताची पुढची कथा मात्र भयंकर आहे. तो मूळच्या ज्यू घराण्यातला. मेल्यावर १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. पाहुण्या झाडांना जागा मिळाली, माणसांचं काही खरं नव्हतं.)

मग त्याआधी इथले लोक खात काय होते? नारळ, भात, मासे, आमसूल, तिरफळं. तिखटासाठी मिरी आणि आलं. मिरची हे नावसुद्धा मिरीवरूनच पडलंय, म्हणजे नवीन आलेल्या पाहुणीला जुन्या भाडेकरूचं नाव दिलं. आता गोव्याचं रोजचं हुमण घ्या. नारळ, आमसूल, तिरफळ आणि बांगडा पूर्वापार इथले, तर त्याला लाल रंग देणारी मिरची मेक्सिकोकडची. कुठल्याही गोंयकार आजीला सांगून बघा, की तुमचं हुमण अर्धं परदेशी आहे. हातातली दवली फेकून मारेल.

आणि माझ्या मते आजीचंच बरोबर आहे.

कारण मूळ कुठलं एवढ्यावरच जायचं तर लोकल काहीच उरत नाही. काणकोणच्या खोला गावातले शेतकरी डोंगरउतारावर, नुसत्या पावसाच्या पाण्यावर मिरची पिकवतात. पिढ्यान्‌पिढ्या बी राखून त्यांनी तिची स्वतःची जात तयार केली. आज तिला जीआय मानांकन आहे. काजूच्या बोंडाची फेणी गोव्याने काढली, तिला २००९ मध्ये जीआय मिळालं. आंब्यांची कलमं बांधण्याचा उद्योग जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात जोरात केला आणि त्यातून हापूस आला, तोही आल्बुकर्कच्या 'आफोन्सो' या नावाने. मानकुराद हे नाव तर 'माल कोराद', म्हणजे 'रंगाने वाईट', यावरून आलंय. चव घेऊन बघा म्हणजे नाव ठेवणाऱ्याची कीव येईल. मुद्दा असा, की वस्तू लोकल होते ती तिच्यावर कुणी तरी चारशे वर्षं राबल्यामुळे. जन्मदाखला कुठलाही असो.

हीच फूटपट्टी आता मासळीला लावू. इथे गंमत संपते.

मासे तर पहिल्यापासून इथलेच. आणि ते पकडण्याची, पोसण्याची व्यवस्थाही इथल्याच लोकांनी उभी केली होती. एक उदाहरण खाजनांचं. नदीकाठच्या खाऱ्या दलदलीला मातीचे बांध घालून गावांनी शेती तयार केली. बांधात लाकडी दारं, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. वीज नाही, सेन्सर नाही! आत खारं पाणी सोसणारा कोरगुट भात, आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर निघणारी कोळंबी नि मासे मानशीला जाळं लावून पकडायचे. त्या मासेमारीच्या हक्काचा गाव लिलाव करी. हे सगळं गावकरी चालवत. पोर्तुगीजांनाही ही गावकरीची पद्धत मोडता आली नाही, उलट १५२६ साली तिचे रिवाज फोराल म्हणून लिहून काढावे लागले.

दुसरं उदाहरण रापणीचं. एक भलं मोठं जाळं. होडी ते घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ मारून येते आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणते. मग दोन रांगा करून पन्नासेक माणसं ते ओढतात. जे मिळेल त्याचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. किनाऱ्यावर येऊन हात लावणाऱ्यालाही कालवणापुरते मासे मिळत. बांगडा, तारले, वेर्ली असं किनाऱ्याजवळ थव्याने येणारं मासे यात सापडे. रापणीला दोनच गोष्टी लागतात, किनाऱ्याजवळ मासे आणि मोकळी वाळू.

दोन्ही एकाच सुमाराला हातच्या जायला लागल्या.

१९६० च्या दशकापासून सरकारी अनुदानावर यांत्रिक ट्रॉलर आले. कारण कोळंबी. गोठवलेल्या कोळंबीला जपान-अमेरिकेत डॉलर मिळत होते. कोळंबी उथळ पाण्यात, तळाशी असते, म्हणून ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन तळ खरवडायला लागले. ट्रॉलरच्या मालकांत परंपरागत मच्छीमार नसलेले पैसेवाले बरेच. रापणकारांची जाळी फाटली, मासे घटले. मग १९७० च्या दशकात रापणकार संघटित झाले. 'गोंयच्या रापणकारांचो एकवोट' ही संघटना आणि तिचे नेते माथानी साल्ढाणा, पेशाने शिक्षक. मोर्चे, धरणी, उपोषणं सगळं झालं. इथल्या आणि इतर राज्यांतल्या मच्छीमारांनी १९७८ साली देशपातळीवर मंच उभा केला. अखेर १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या पट्ट्यात ट्रॉलरना बंदी आली. कागदावर. अंमलबजावणी होत नाही ही तक्रार आजतागायत चालू आहे. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी घातली, तिचीही तीच गत.

आणि मोकळी वाळू? ती आपल्याला हवी होती. १९७४ नंतर किनारपट्टीवर हॉटेलं, मग शॅक, मग आरामखुर्च्या, मग जेटस्की. जिथे होडी ओढून ठेवायची, जाळं वाळवायचं, खारवायचे मासे पसरायचे, तिथे आपण टॉवेल पसरतो. रापण काही किनाऱ्यांवर अजून ओढली जाते, पण पर्यटक तिचे फोटो काढतात इतकी ती दुर्मीळ झालीय.

त्यामुळे 'लोकल कॅच' वाचून मला आता थोडं थांबावंसं वाटतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांना वाढायला वेळ मिळावा म्हणून. पण जुलैत गोव्याला गेलात तरी सुरमई मिळतेच! पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, तिथून ट्रक येतात, शिवाय बर्फातला साठा असतो. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मालिन असल्याचा संशय आला, गदारोळ झाला, आणि सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदीच घातली. तेव्हा गोव्याबाहेरच्या अनेकांना कळलं की ऐन पावसात गोवा बाहेरची मासळी खातो. आणि कोळंबी? देशात शेततळ्यांत सर्वात जास्त वाढवली जाणारी व्हॅनामी कोळंबी मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्यावरची, भारतात तिला परवानगी २००९ साली मिळाली. म्हणजे पुन्हा अमेरिका! फरक इतकाच, की मिरचीला गोंयकार व्हायला शेकडो वर्षं आणि खोलाचे शेतकरी लागले. हिला आपण थेट मेनूकार्डावर लोकल करून टाकलं तर कसं चालेल?

मंडळी, मी काही रिसॉर्टमध्ये जाऊ नका म्हणणार नाही. जा, मजा करा, मीही जातो. पण दोन-तीन गोष्टी करून बघा. वेटरला मासा कुठला ते विचारा, आणि 'आज कुठला आलाय' हेही विचारा. सुरमई-पापलेटवर अडून न बसता बांगडा, तारले, तिसऱ्या, शेवटे मागवा. पावसाळ्यात गेलात तर सुक्या बांगड्याची किसमूर मागा. गोव्यातली घरं मे महिन्यातच पावसाळ्याची बेगमी करतात, खारवलेले मासे, आमसुलं, सुक्या मिरच्या. त्याला 'पुरुमेंत' म्हणतात, आणि मडगावला त्याची जत्राच भरते. हा शब्दही पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आलेला. पण समुद्र बंद असताना समुद्राला त्रास न देता जेवायचं कसं, ही अक्कल शंभर टक्के इथली.

ताजं नसेल ते, पण लोकल नक्की आहे.